तिसऱ्या ओळीतला सहादेव

गहिनीनाथाला तिसगावच्या आसपास कुणी नावानं हाक मारत नसे. हातातल्या छापील फॉर्मांवरून सगळे त्याला 'फारमवाले' म्हणत. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं तिथली काही कोरडवाहू खेडी अभ्यासाला घेतली होती. माणसांचं जगणं कसं बदलतं, उसाला कोण जातं, परत कोण येतं, पोरी शाळेत किती दिवस टिकतात, हे त्याच त्या घरांत वर्षा-दीड वर्षानं पुन्हा जाऊन विचारायचं. त्यासाठी मॅट्रिक झालेला आणि इथलीच बोली बोलणारा माणूस हवा होता. गहिनीनाथ दुसऱ्या खेपेला का होईना, पण मॅट्रिक झालेला होता.

संस्थेच्या साहेबांना बुकांतून जे कळलं नव्हतं ते ह्याला आईच्या मांडीवरच कळलेलं. ह्या बाजूची बाई लेकरांचा खरा आकडा परक्याला सांगत नाही. लेकरं मोजली की दृष्ट लागते, आणि त्यातून मुलगा असला तर विचारायलाच नको. म्हणून गहिनीनाथ आधी दोरीवरचे कपडे बघायचा, आत झोळी बांधलीय का बघायचा, मग प्रश्न टाकायचा. "मला कोनती बाई शेंडी लावू शकत न्हाई," असं तो मिशीवर हात फिरवून सांगायचा. साहेबांनी एकदा चारचौघांत शाबासकी दिली, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

एकाहत्तरच्या दिवाळीआधी पहिल्या फेरीत तो झुंबरबाईच्या दारात बसला होता. तिचा नवरा सूर्यभान ऊसतोडीला गेलेला.

"लेकरं किती, वैनी?"

"दोन. रंगू आन् कडू."

तेवढ्यात आतून टाहो फुटला.

"मंग आत काय बोका वरडतोय व्हय?"

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. हसू आवरेना आणि भीतीही लपेना. "नका ना लिवू, भाऊ. दोन पोरींवर नवसानं झालंय. नाव सहादेव हाय, पर लिवू नका."

"आवो, ह्यो अब्यासाचा कागद हाय. अब्यासाची दृष्ट लागत न्हाई," असं म्हणून गहिनीनाथानं तिसऱ्या ओळीत लिहिलं: सहादेव, वय चार महिने.

पुढं बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला. विहिरी तळाला गेल्या, जनावरं मिळेल त्या भावात गेली, आणि जी बाई कधी बांध ओलांडून कामाला गेली नव्हती तीही दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. गहिनीनाथाची बायको मनकर्णा त्यातलीच. तिच्या तळहातांना फोड आलेले. संस्थेनं सांगितलं होतं, दुसरी फेरी झाली की फॉर्म भरणाऱ्या तिघांतला एकच माणूस ठेवायचा, ज्याचे फॉर्म चोख त्याला. उरलेल्या दोघांना खडीच होती. गहिनीनाथाला ती नोकरी हवी होती, फार हवी होती.

त्र्याहत्तरच्या माघात तो पुन्हा झुंबरबाईच्या दारात आला. ती नुकतीच कामावरून आली होती, केसांत दगडाची भुकटी तशीच.

"लेकरं किती, वैनी?"

"दोन."

गहिनीनाथ मोकळेपणानं हसला. "पुन्यांदा त्येच का? तिसरा कुटं दडवलाय? काढा भाईर, बगू द्या केवडा झालाय त्यो."

उंबऱ्यावर बसलेली थोरली रंगूच म्हणाली, "सहादेव वारला. हगवन लागली हुती."

पोर जाऊन वीस दिवस झाले होते. गहिनीनाथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असला हुशारीचा माज माणसाला कधीतरी तोंडावर पाडतोच, पण तो पडला तो दुसऱ्याच्या जखमेवर. कसंबसं तो म्हणाला, "चुकलो, वैनी. दोनच लिवतो."

"तीन लिवा."

"पर वैनी..."

"तवा मी लपवलं तर तुमी लिवलंत." तिचा आवाज चढला नव्हता. "आता मी लिवा म्हनते, तर लिवत न्हाई?"

तिनं दोष दिला असता, छाती पिटली असती, तर त्यानं निमूट ऐकून घेतलं असतं. त्यानं तिसरी ओळ भरली. सहादेव, वय दीड वर्ष. झुंबरबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून त्या ओळीकडं बघत राहिली.

आठवड्यानं साहेब तपासणीला आले. दहा घरांतलं एक घर ते स्वतः बघत, आणि नेमकं झुंबरबाईचंच आलं. ती कामावर होती. रंगूनं साहेबांनाही खरं तेच सांगितलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी गहिनीनाथाला बाजूला घेतलं. "तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. मृत्यूंसाठी मागं वेगळा रकाना आहे, तिथं एक लिहा. ही ओळ खोडा. मी विषय इथंच संपवतो."

"त्या रकान्यात नाव लिवायचं का, साहेब?"

"नाही. तिथं फक्त संख्या."

गहिनीनाथानं पेन काढलं. मनकर्णाचे हात त्याच्या डोळ्यांपुढं आले आणि आयुष्यभर तो स्वतःला हेच कारण सांगत आला. त्यानं पट्टी लावून तिसऱ्या ओळीवर सरळ रेघ मारली, मागं एकचा आकडा लिहिला आणि शेजारी सही केली. नोकरी त्यालाच मिळाली.

होळीच्या सुमारास तो मजुरांच्या नोंदी घ्यायला तलावाच्या कामावर गेला. उन्हात बायका ओळीनं बसल्या होत्या. झुंबरबाईनं त्याला लांबूनच ओळखलं आणि हातोडी खाली ठेवली.

"भाऊ, त्यो कागद पुन्याला गेला का?"

"गेला."

"सहादेव हाय न्हवं त्यात?"

खरं बोलावं असं गहिनीनाथाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती त्याच्याकडं असं बघत होती, की त्याच्यानं बोलवेना.

"हाय," तो म्हणाला.

कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"मंग पुडल्या खेपंला त्याचं वय वाडवून लिवा बरं का, भाऊ. आखाडात त्याला तिसरं वरीस लागंल."