लांबच्या मुलांचे हलके विषय

जूनमध्ये आठवीचे वर्ग भरले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सावे मास्तर एक कोरा ताव घेऊन वर्गात यायचे, त्यावर मधोमध उभी रेघ मारायचे आणि एकेका मुलाला उभं करून विचारायचे, "गाव किती लांब?" नाव नंतर, सातवीचे मार्क त्याच्याही नंतर. मूल बाजारपेठेतलं निघालं की त्याची नोंद रेघेच्या डावीकडे. कुंभवली म्हटलं की मास्तरांची पेन्सिल जराशी घुटमळायची आणि मग उजवीकडे जायची. घिवली म्हटल्यावर घुटमळायचं काही कारणच नसे. मी घिवलीची.

डावीकडच्यांना बीजगणित-भूमिती आणि पदार्थविज्ञान-रसायन, उजवीकडच्यांना साधं अंकगणित आणि शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र, असा तो हिशेब होता. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे आणि आठवीत जे विषय मिळत तेच चार वर्षं चालत. मॅट्रिक पास व्हायला दोन्हीकडचे विषय चालायचे. पण सायन्स कॉलेजात जायचं तर डावी बाजूच लागायची. हे आम्हांला कुणी सांगितलं नाही. आमच्या बाजूचं कुणी कॉलेजात गेलंच नव्हतं, तेव्हा सांगणार तरी कोण?

मास्तरांनी हे उगाच केलं नव्हतं. बीजगणिताचा जादा तास शाळेआधी, सकाळी सातला असे. दीड तास चालत येणाऱ्या मुलाला तो मिळायचा नाही, आणि तो नाही मिळाला की मूल त्या एका विषयात आपटायचं. एका विषयात आपटलं की सगळंच नापास. मग घरचे म्हणत, पुरे झालं, आणि पोरगा होडीवर किंवा शेतावर जायचा. अशी किती मुलं मास्तरांनी पाहिली असतील कोण जाणे, पण एका वर्षी त्यांनी तावावर रेघ मारली आणि लांबच्या मुलांना हलके विषय दिले. तेव्हापासून त्यांची उजवी बाजू कधी नापास झाली नाही. याचा त्यांना मोठा अभिमान होता. "आधी पास, मग हौस, राजा," असं ते म्हणत. मुलगा असो की मुलगी, त्यांच्या तोंडी सगळ्यांना राजाच.

ते स्वतः पालघरला राहत. सकाळच्या शटलने बोईसर, तिथून सायकलने शाळा. वर्गात आले की आधी टोपी काढून टेबलावर ठेवायचे, खुर्चीत बसायचे आणि "चला, पोचलो" म्हणायचे. हे दिवसातून सात वेळा, दर तासाला. शेजारच्या वर्गातून आले तरी "चला, पोचलो". आम्ही मागच्या बाकावर त्याची नक्कल करायचो आणि ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे. त्यांना मी कधी रागावलेलं पाहिलं नाही. पण ताजंतवानंही कधी पाहिलं नाही. वर्गात ते शुद्ध बोलायचे. दिवस कलला की मात्र त्यांची केळव्याकडची बोली हळूहळू वर यायची आणि शेवटच्या तासाला कुणी शंका काढली की म्हणायचे, "आता नाय रे राजा, आता माझ्याच्यानं नाय होत. उद्या इचार." आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने त्या मुलाला उभं करून ती शंका फेडायचे.

मी नववीत असताना आमच्या किनाऱ्यावर सर्व्हेवाले आले. पुढे तिथे अणुवीज केंद्राचं काम निघालं, पण तेव्हा आम्हांला एवढंच दिसत होतं की चार माणसं तिवईवर एक दुर्बिणीसारखं यंत्र ठेवतात आणि दिवसभर त्यात डोळा घालून बसतात. त्यांच्यातले एक ओव्हरसियर कोल्हापूरकडचे होते. मी फार रेंगाळते असं पाहून त्यांनी मला एकदा त्यात बघू दिलं. आत समुद्र वर होता आणि आभाळ खाली. आमच्या होड्या उलट्या टांगलेल्या होत्या. मी घाबरून डोळा काढला, मग पुन्हा घातला. उलटं का दिसतं, असं विचारल्यावर ते म्हणाले, भिंगामुळे, आणि भिंगाचं असं का होतं ते कॉलेजात सायन्सला शिकवतात. त्या दिवसापासून मला सायन्सला जायचं होतं. त्याआधी मला कशालाच जायचं नव्हतं.

मी मास्तरांना विचारलं की भिंग कुठल्या विषयात येतं. ते म्हणाले, पदार्थविज्ञानात, पण ते तुझ्याकडे नाही. मला वाटलं, आत्ता नाही म्हणजे पुढे येईल. त्यांनाही माझ्या प्रश्नामागे काय आहे ते कळलं नाही. मी हलके विषय मन लावून केले आणि अकरावीला पहिल्या वर्गात आले. आमच्या बाजूची अशी मी पहिलीच. मास्तरांनी वर्गावर्गात जाऊन सांगितलं. आणि मी जेव्हा त्यांना म्हटलं, मला सायन्स कॉलेजला जायचंय, वर्सोव्याच्या मामाकडे राहीन, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "जाऊन तर बघू. पहिला वर्ग आहे, राजा."

बा कामात होता, म्हणून मास्तरच माझ्याबरोबर मुंबईला आले. कॉलेजच्या खिडकीत कारकुनाने माझी गुणपत्रिका पाहिली, मार्कांचं कौतुक केलं आणि फॉर्म परत दिला. गणित नाही, सायन्स नाही, कसं घेणार? आर्ट्सला बसा म्हणाला, तिथे जागा आहेत. मास्तर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मागे रांग होती. मग त्यांनी फॉर्मची घडी घातली, माझ्या हातात न देता आपल्या कोटाच्या खिशात ठेवली आणि आम्ही स्टेशनचा रस्ता धरला.

विरारहून शटल मिळालं. वैतरणेला मेल पुढे काढायची म्हणून गाडी बराच वेळ थांबली. खाडीवरून वारा येत होता. मास्तर त्यांच्या शुद्ध भाषेत बोलत नव्हते, दिवसही पुरता कलला नव्हता, पण ते इतके थकलेले मी पाहिले नव्हते. बाहेर बघत ते म्हणाले, "हिरा, हे मी केलं. तुझ्या बाने नाय, तू नाय. मी केलं." मी म्हटलं, तुम्ही मला पास केलंत की. ते म्हणाले, "तू कशीही पास झाली असतीस. तेच तर मला कळाया पायजे होतं." मग गाडी सुटली. ते पालघरला उतरलेच नाहीत. मला सोडायला घिवलीपर्यंत आले.

बा आवारात पावसाआधीचे शेवटचे बोंबील सुकत घालत होता. मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. राहिलेल्या विषयांची परीक्षा नंतर देता येते, एक वर्ष थांबा, मी रोज शिकवतो, प्रयोगाची सोयही शाळेतच करतो. बाने हातातला बोंबील खाली ठेवला आणि सरळ उभा राहिला. मास्तरांशी तो कधी वर तोंड करून बोलला नव्हता.

"मास्तर, तवा तुमी बोललात हलकं घे, आमी घेतलं. आता तुमी बोलता जड घे. आमाला ह्यातलं काय कळते? तुमी सांगलं ते आमी केलं. आता आमचं आमी बघतू."

त्याच्या आवाजात राग नव्हता, ही त्यातली वाईट गोष्ट. मी त्या वर्षी प्राथमिक शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले. तिथे उजवी बाजू चालत होती. दोन वर्षांनी गावच्याच शाळेत लागले आणि पुढे तिथेच राहिले. मला मुलं आवडतात, नोकरी आवडली, तक्रार करण्यासारखं काही घडलं नाही. भिंग उलटं का दाखवतं ते मी पुढे एका पुस्तकात वाचलं. अर्ध्या पानाचं निघालं. वाचून रडू आलं, ते का, हे नुसतं ते अर्धं पान वाचून कुणाला समजणार नाही.

पण गोष्ट माझ्यापाशी संपली असती तर मी मास्तरांबद्दल लिहायला बसले नसते. मी शाळा सोडली त्याच जूनमध्ये माझा धाकटा भाऊ गोपाळ आठवीत गेला. मास्तर कोरा ताव घेऊन वर्गात आले, पण त्यांनी रेघ मारली नाही. गाव कुठलंही असो, सगळ्यांना बीजगणित, सगळ्यांना पदार्थविज्ञान. हेडमास्तरांनी समजावलं, निकाल पडेल. मास्तर ऐकेनात. जादा तास त्यांनी सकाळचा काढून मधल्या सुट्टीत आणला, लांबच्या मुलांसाठी. स्वतःचा डबा मग ते खायचेच नाहीत. मी ट्रेनिंगहून सुट्टीत घरी आले की शाळेत डोकावायचे, तेव्हा गोपाळ त्यांच्या टेबलाशी उभा असायचा आणि मास्तर त्रिकोण काढत असायचे. त्यांचा कोट अंगात लोंबायला लागला होता. मी म्हटलं, मास्तर, तब्येत बघा. तर म्हणाले, "हा सायन्सला जाईल बघ, राजा." एवढा उत्साह मी त्यांच्या तोंडी कधी ऐकला नव्हता, आणि मला तो ऐकून बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

चार वर्षांनी, अकरावीच्या मार्चमध्ये, गोपाळ बीजगणितात नापास झाला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसला, पुन्हा नापास. बाकी सगळ्या विषयांत पास होता, पण बाकीच्या विषयांना कोण विचारतं? त्या सुमारास केंद्रावर भरती चालली होती. मॅट्रिक पासवाल्यांना कायमच्या जागा मिळत होत्या. उजव्या बाजूची, अंकगणितवाली जुनी मुलं तिथे खाकी कपडे घालून सायकलवरून जाताना दिसायची. गोपाळ बाबरोबर होडीवर जाऊ लागला. बा मास्तरांबद्दल चकार शब्द बोलला नाही. मास्तर त्याच वर्षी निवृत्त झाले.

मी पालघरला त्यांच्या घरी गेले ती भांडायला. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. दार त्यांच्या सुनेने उघडलं. मास्तर आतल्या खोलीत पलंगावर होते. उशीशी औषधाच्या बाटल्या. त्यांना बोलताना धाप लागत होती. मी जुळवलेल्यातलं एकही वाक्य बोलले नाही. त्यांनीच विषय काढला. माझ्या वेळी त्यांनी मला पुढे जाऊ दिलं नाही, गोपाळच्या वेळी त्याला मागे राहू दिलं नाही, असं काहीतरी तोडकंमोडकं ते बोलले. मग त्यांनी मला विचारलं, "गोपाळला काय पायजे होतं गं?"

मला सांगता आलं नाही. मी त्याची सख्खी मोठी बहीण, चार वर्षं त्याच्या वह्या तपासलेली, आणि मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते. ते म्हणाले, "इचार. मी कुणालाच नाय इचारलं. तुलापण नाय."

घरी आले तेव्हा गोपाळ ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी त्याच्यापाशी बसले आणि विचारलं. तो हसला. मला वाटलं टाळतोय, पण थोड्या वेळाने हातातलं काम न थांबवता म्हणाला, "अक्का, मला अकरावी पास होऊन कामाला लागायचं होतं. बस. ती भूमिती तुजी होती. मास्तर शिकवायचे मला, आन् बघायचे तुज्याकडं. मी बोलणार काय?"

तो हे कडवटपणे बोलला नाही. त्याला मास्तरांची माया होती, ते उपाशी शिकवत हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच तर चार वर्षं गप्प राहिला. आणि त्या चार वर्षांत मीही सवड मिळेल तशी येऊन त्या टेबलाशी उभी राहून खूश होत होते, हे त्याने पाहिलं नसेल असं मला वाटत नाही.

आठवड्याने मी पुन्हा पालघरला गेले. मास्तर आणखी खंगले होते. सुनेने पाठीला उशी लावून त्यांना बसतं केलं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "इचारलंस?"

मी म्हटलं, "विचारलं. त्याला सायन्सलाच जायचं होतं, मास्तर. त्याचं नशीब नव्हतं, एवढंच."

मास्तर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. उभी हयात गणितं तपासण्यात गेलेल्या माणसाला चुकीचं उत्तर ओळखता येत नाही, असं थोडंच आहे? पण त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि ते बरोबर धरलं.