बडी बहनजींचं नाव द्यायचं तर

आमच्या घरी धूर कायमचा. अण्णा आचारी, रामघाटावर यात्रेकरूंचा आणि सणासुदीला सरदारांकडचा स्वयंपाक करत. मी बी. ए. झाले तोवर त्यांचे डोळे इतके अधू झाले होते, की तेल तापलं का हे ते कढईवर हात धरून ठरवत. घराण्यातली पहिली पदवी माझी. पण नोकरी लागली नाही तर ती काय चाटायची होती?

नवं राज्य झालं होतं, राजधानी भोपाळला गेली होती. सरकारी कन्याशाळेच्या अर्जात, चौकशीसाठी, आपल्याला ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या दोघांची नावं मागितली होती. एक नाव प्रोफेसरांचं मिळालं. दुसऱ्यासाठी अण्णा सरदारांकडे शब्द टाकून आले. संस्थानी दरबारच्या काळी त्या नावावर दारं उघडत. मी म्हटलं, सरदारांना माझी ओळख तुमच्या श्रीखंडापुरती. ते नाव मी देणार नाही. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

मी गेले बडी बहनजींकडे. आमच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि रागावल्या की दोन्ही. त्यांचं नाव द्यायला लोक भीत. ‘चालचलन उत्तम’ असं त्यांनी कधी कुणाला लिहून दिलं नाही. “मी काय घरोघर पहारा करते?” म्हणायच्या. एका वकिलाच्या भाच्याने न विचारताच त्यांचं नाव दिलं. चौकशीला आलेल्या साहेबांना त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, मुलाला ओळखत नाही, मामा मात्र फार गप्पिष्ट.

मला त्यांनी बसही म्हटलं नाही. “चांगलं मी पाहिलंय. तुझ्यात उणं काय, ते सांग.”

“हुज्जत घालते.”

“वो तो मैं बोलूँगी ही. आणखी?”

“आणखी काही नाही.”

“ही बघ हुज्जत,” त्या म्हणाल्या. मग होकार दिला. वर बजावलं, “नोकरी मिळो न मिळो, येऊन सांगायचं. काम झालं की लोक ओळख विसरतात.”

मुलाखतीत साहेबांनी नेमकं हुज्जतीचंच काढलं. तुमच्या बहनजी म्हणतात, तुम्ही त्यांच्याशीही भांडलात, कशावरून? मी सांगितलं, उशिरा येणाऱ्या मुलींना त्या फाटकाबाहेर उभं करत. सकाळी आईबरोबर घाटावर फुलं विकून येणाऱ्या मुलींना हा नियम लावू नका, असं मी म्हटलं होतं.

“मग?”

“मग त्यांनी मुलींना आत घेतलं, आणि मला बाहेर उभं केलं.”

साहेब हसले. म्हणाले, त्या बाई उणं लपवत नाहीत, म्हणून त्यांनी सांगितलेलं चांगलंही खरं धरतो.

पेढे घेऊन गेले तर बहनजींनी हात लावला नाही. “पहले घर,” म्हणाल्या. निवृत्तीनंतर त्या भावाकडे सागरला गेल्या, आणि तिकडेच वारल्या. आता माझं नाव द्यायला मुली येतात. मीही आधी उणं विचारते.

मी सरकारी कन्याशाळेत शिक्षिका झाले. त्यानंतर अण्णांनी परक्याची चूल पेटवली नाही.