भुरीबाईनं तारे पाह्यले

भुरीबाई माही मोठी जाऊ. मे महिन्यात आमचा सारा तांडा अंगणात नाही तं स्लॅबवर झोपतो, अन् ही बाई टिनाखाली, दार लावून. सकाळी बाहेर निघे तं भट्टीतून काढलेल्या विटेसारखी.

कारण तिच्या लग्नाच्या वर्षातलं. अंगणात पडल्या पडल्या ती ओरडली होती, "थो पाहा, तारा तुटला!" तारा तुटला म्हणजे माणूस गेलं, असं आमच्यात मानतात. दुसऱ्याच दिवशी सासरा गेला. आता सासरा दिवाळीपासून खाटेवर होता, खोकून खोकून नुसता सापळा उरला होता; पण ते कोणाच्या ध्यानात राह्यलं नाही. सासू म्हणे, "हिनंच पाडला." सासूले जाऊनही जमाना झाला, तरी भुरीबाईनं रातच्या आभाळाकडे पुन्हा पाह्यलं नाही.

औंदा वावधन आलं, खांब पडले, लाईन गेली. कूलर बंद. भुरीबाई टिनाखाली शिजून राह्यली होती. तिची सून उज्ज्वला सासूले याडी म्हणते, म्हणजे आई. ती म्हणे, "याडी, मोबाईलवर आलं हाये, आज पहाटे लय तारे तुटनार. दरसाल याच दिवसांत तुटतात. चला बाहेर."

"दरसाल? मंग मले कोणी सांगतलं काहून नाही?"

"तुमी दार लावून झोपता. कोण सांगन?"

"नको बाई. कोणी गेलं तं पुन्हा माह्याच नावावर."

मी म्हटलं, "यंदा माह्या नावावर लाव. मीच ओरडीन. ऊठ वं, चाल."

हात धरून तिले अंगणात आणली. खाटेवर बसली ती, पण तोंडावर पदर. लाईन नसल्यानं आभाळ अंगावर आल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात उगवतीकडून एक पांढरी रेघ निघाली अन् लांबत लांबत पार डोक्यावरून गेली.

"तुटला!" मी ओरडली.

तिनं माहं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. "कोण असंन वं?"

मंग दुसरा तुटला. मंग दोन संगच. पदर हळूहळू खाली आला. तोंड उघडं टाकून ती पाहातच राह्यली, अन् एकदम हसत सुटली. "काहून वं, आपल्या तांड्यात इतके बुढे तरी उरले हायेत का?"

उजाडल्यावर मात्र तिले दम निघेना. घरोघरी फिरली. "जिती हायेस ना वं?" लोकं झोपेतून उठून हो म्हणत. राह्यला आमचा चुलत दीर खेमसिंग. तोंडावर धोतर घेऊन निपचित पडला होता. हालवला, हालेना. भुरीबाईचा चेहरा उतरला. "भाऊजी! ओ भाऊजी!"

धोतराखालून आवाज आला, "काय कल्ला हाये वहिनी? चहा आणला का?"

भुरीबाई तांड्याच्या मधोमध उभी राह्यली, कमरेवर हात ठेवले अन् वर तोंड करून ओरडली, "पाह्यलं का सासूबाई? सारे जिते हायेत! एकही नाही गेलं!"

दिवस बुडायच्या आधीच तिची खाट बाहेर आली, ते पण वाऱ्याच्या जागेवर. ती जागा माही. मी सांगायले गेली तं म्हणे, "इतके वर्स तूच झोपली ना वं इथं? सरक आता!"