उंदरानं खाल्लेला कागद

आंदोलन म्हटलं की लोकांना घोषणा आठवतात. मला मायचे सुजलेले पाय आठवतात, आणि "साहेब दौऱ्यावर गेलेत" हे वाक्य. ज्या कचेरीसमोर आम्ही बसलो, तिथले साहेब जेवढे फिरायचे, तेवढी एसटीसुद्धा फिरत नसेल.

मागणी साधी होती. पिशोरकडच्या आमच्या गावात गावकुसाबाहेरच्या आम्हा लोकांकडे वीतभर जमीन नव्हती. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हा वस्तीतल्या दहा-बारा जणांनी धीर करून ओसाड गायरानावर नांगर धरला. गावातल्या बड्या लोकांनी तक्रार केली. पोलिसांनी सगळ्यांना बेड्या घालून तालुक्याला नेलं, खटले भरले. सुटून आल्यावर माझा बाप पुन्हा त्याच तुकड्यावर बाजरी पेरायला गेला. तो वारल्यावर खटल्याचा कागद मायनं पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. पण खालचा निळा अंगठा आपल्या नवऱ्याचा आहे, हे तिला माहीत होतं.

मी शिकले, मास्तरीण व्हायला निघाले. नेमणुकीआधी चारित्र्याचा दाखला लागायचा. त्यासाठी हवालदार घरी चौकशीला येणार असं कळलं. घरात पोलीस केसचा कागद, त्यावर बापाचं नाव, आरोपी म्हणून! चार बुकं शिकलेल्या माणसाला जेवढी लाज वाटते, तेवढी कुणालाच वाटत नाही. माय सरपणाला गेली होती. मी तो कागद चुलीत घातला. पुढे दाखला मिळाला, औरंगाबादेत शाळा मिळाली, शहागंजात भाड्याची खोलीही मिळाली. काही महिन्यांनी मायनं पेटी उपसली. मी म्हणाले, "उंदरानं खाल्ला असंल."

"व्हय?" म्हणाली, आणि लुगडी पुन्हा घडी करून ठेवली.

बऱ्याच वर्षांनी सरकारी हुकूम निघाला. ज्यांनी फार आधीपासून गायरान कसलंय, त्यांच्या नावावर ते करायचं. मात्र पुरावा दाखवा. तलाठ्यांनी आमची नावं पीकपाहणीत कधी लिहिलीच नव्हती. पुरावा उरला एकच, त्या जुन्या खटल्याचा. ज्यांना बेड्या पडल्या होत्या त्यांचंच नशीब उघडणार होतं. वस्तीतली माणसं पोट धरून हसली आणि आपापल्या पेट्या उघडून बसली. आमच्या पेटीत नुसती लुगडी होती. नक्कल मिळवायला मी खेटे घातले. जुनं दप्तर वाळवीनं खाल्लं, असं उत्तर मिळालं. ते बहुधा खरं असावं.

हुकूम निघाला म्हणून काम होतं असं थोडंच आहे? शेवटी वस्तीतल्या बायका शहरात येऊन कचेरीसमोर धरणं धरून बसल्या. माय माझ्या खोलीवर राहून रोज जायची. शाळा सुटली की मीही जायचे. घोषणा दोन दिवसांत संपल्या. नंतर नुसतं बसणं. ऊन सरकलं की सतरंजी सरकवायची, एवढंच काम.

एके दिवशी एक कारकून यादी घेऊन बाहेर आला. कागद दाखवा, म्हणाला. एकेकीनं पदराची गाठ सोडून आपला कागद पुढे केला. मायची पाळी आली.

"उंदरानं खाल्ला, सायब," माय म्हणाली.

कारकून हसला, त्याच्यामागचा शिपाईही हसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होते. मी जाळला, एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते, कागद जाळल्याच्या दिवसापेक्षा जास्त.

त्यानंतर आठवडाभरानं पोलिसांनी भर दुपारी सगळ्या बायका उचलून गाडीत घातल्या आणि दिवेलागणीच्या आत सोडल्याही. माय खोलीवर आली ती भिंतीला टेकूनच बसली. चोळीतून घडी केलेला कागद काढून तिनं माझ्यापुढे धरला. खटल्याचा होता. आरोपी म्हणून तिचं नाव, खाली तिचा निळा अंगठा.

"ह्यो ठेव," ती म्हणाली.

"माय, आत्ताच्या तारखेचा हाय. ह्याच्यावर जमीन नाय भेटत."

"नाय भेटंना. ठेव तू. ह्याला काडी नको लावू म्हंजे झालं."

"तुला ठाऊक व्हतं?"

"चुलीतली राख कोण काढायचं घरात? म्याच ना? कागदाची राख येगळी दिसती."

"मंग बोलली कामून नाय?"

"तुला नौकरी लागायची व्हती." तिनं पाय लांब केले. घोट्यापर्यंत सूज होती. "आपलं नाय झालं, बाकीच्यांचं तं व्हईल. दाब जरा, उद्या परत बसायचंय."