सगळं असलेलं गाव

बसा, चहा घ्या. माझा मूळ स्वभाव संशयी, आणि त्यापायी भर सभेत माझी जी शोभा झाली ती आज सांगूनच टाकतो.

आमचं गाव नाशिकला चिकटून. तिथला द्वारका चौक अर्ध्या तासावर. शहर असं अंगावर आलंय, की कोणी इस्त्रीच्या कपड्यातला माणूस बांधावर उभा दिसला म्हणजे संपलं. गेली म्हणायची जमीन रस्त्यात.

तर गेल्या वर्षी दिल्लीहून एक मॅडम आल्या. सोबत इकडचेच एक साहेब. म्हणे देशाचं नवं धोरण ठरतंय, सामाजिक न्यायाचं, सगळ्यांना बरोबर घेऊन विकास करण्याचं. कोणाला काय कमी पडतं ते लोकांच्या तोंडून ऐकायचंय.

आता मला सांगा, दिल्लीचं माणूस माझी कोथिंबीर ओलांडून मला काय कमी आहे ते विचारायला येईल? मी ओळखलं, जमीनच. आणि जमीन जाताना भाव कशाला मिळतो? सुधारलेल्या गावाला. तिथं रडगाणं गाऊन चालत नाही.

"बायकांची काही अडचण?" साहेबांनी विचारलं.

माझी बायको सुमन तोंड उघडणार, तेवढ्यात मी पुढे झालो. "नाय हो साहेब. सगळं हाय."

"फाट्यावर बायका भाजी विकतात. तिथं संडास आहे?"

"हाय की. नळासकट."

खरं सांगू? तिथं साधा आडोसाही नाही. सुमन पहाटे तिथं बसते आणि दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही.

"बघू या?" मॅडम उठल्याच.

"आज कुलूप हाय. किल्लीवाला इगतपुरीला गेलाय."

सुमननं माझ्याकडं असं पाहिलं, की पुढचं सगळं खोटं मी साहेबांकडं बघूनच बोललो.

महिन्याभरानं निरोप आला. नाशिकला सभा आहे, आदर्श गाव म्हणून तुम्ही बोला. माझा संशय आणखी पक्का. शाल घालतील आणि हळूच सही घेतील. म्हणून मी खिशातलं पेन घरी ठेवून गेलो.

शाल घातली. सही काही कोणी मागेना. मग साहेब माईकवर म्हणाले, "भाजीवाल्या बायकांसाठी फाट्यांवर संडास बांधायचे ठरलेत. यांच्या गावाला अर्थातच गरज नाही."

त्या शालीत मला दरदरून घाम फुटला. लाज वाटली हो, खरंच. पण उठून खरं सांगायचं सोडून मी शालच सारखी करत बसलो.

तेवढ्यात मागून एक बाई उभी राहिली. पाहतो तर सुमन. गावच्या बायकांबरोबर टेम्पोत बसून आलेली.

"साहेब, बायांना संडास हाय, नळ हाय, ते गाव कुठं आलं? मला तिथं नांदायला जायचंय."

सभा खो खो हसली. साहेबांना काय ठाऊक ती कोण. माझ्याकडं हात करून म्हणाले, "ताई, गाव यांचं. यांनाच विचारा."

"विचारते की," सुमन म्हणाली. "घरी तर येऊ द्या त्यांना."