त्रेचाळीस दोष

इस्त्र्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर जो माणूस तेवीस वर्षं बसला होता, त्याला सगळे नापासदादा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला राग येत नसे; उलट थोडी ऐटच होती. पट्ट्यावरून आलेली इस्त्री उचलायची, वायर ओढून बघायची, बटण दहा वेळा फिरवायचं, तळावरून बोट फिरवायचं आणि खोट सापडली की तक्त्यात लिहायची. खोट नसेल तर काही लिहायचं नाही. कोरी ओळ म्हणजे माल चोख. 'छान' असं लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता, आणि असावा असं त्याला कधी वाटलंही नाही.

तिथवर ठीक होतं हो, पण माणसाने कारखाना कारखान्यातच ठेवून घरी यावं की नाही? बायकोने केलेली भाजी त्याने मुकाट्याने खाल्ली म्हणजे ती उत्तम झाली, हे त्या बिचारीला कळायला लग्नानंतर चार वर्षं लागली. तोवर ती रोज मीठ कमीजास्त करत राहिली.

त्याचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात इतका स्थिर की लोक रस्त्यात थांबून बघत. एकदा परांची सरकली, हा खाली आला आणि कमरेचं हाड मोडलं. जुळलं, पण वाकडं जुळलं. शिडी सुटली, काम सुटलं, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत तो दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. दादा दर रविवारी डबा घेऊन जायचा, आणि बऱ्याचदा मागच्या रविवारचा डबा झाकण न उघडलेलाच परत आणायचा.

मग काय डोक्यात आलं कोण जाणे, त्याने दादाच्या घरातला अडगळीतला कॉम्प्युटर मागून घेतला आणि गेम बनवायला बसला. शिकवायला कोणी नाही. व्हिडिओ बघायचे, चुकायचं, परत करायचं. गेम भुताखेतांचा. नऊ मजल्यांची इमारत, राहणारे सगळे निघून गेलेत, आणि विजेच्या मीटरचे आकडे टिपायला आलेला माणूस, म्हणजे आपण खेळणारे, मजल्यामागून मजला वर चढतोय. सहा वर्षं तो हे करत होता. त्या सहा वर्षांत तो दाढी करायला लागला, डबा संपवायला लागला, कधीकधी जिना उतरून लॉन्ड्रीवाल्याशी गप्पा मारायला लागला. दादाला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे सगळं कळत होतं. ते यंत्र बंद पडलं तर भाऊ पुन्हा भिंतीकडे वळेल, एवढं त्याने मनात पक्कं धरलं होतं.

एका रविवारी धाकटा म्हणाला, "दादा, सात मजले झालेत. दोन राहिलेत. पण वर जायच्या आधी तू एकदा खेळून बघ आणि काय वाटतं ते लिहून दे. तुझ्याइतकं बारीक कोणी बघणार नाही."

घरी हे ऐकून बायकोने हातातलं काम ठेवलं. "जरा जपून हं. तो म्हणजे तुमची इस्त्री नव्हे."

"मी काय त्याचा वैरी आहे?" दादा म्हणाला.

मुलीच्या लॅपटॉपवर त्याने तीन दिवस संध्याकाळी गेम खेळला. बाण कसे दाबायचे हे मुलीने दाखवलं. आणि खरं सांगायचं तर एक्कावन्न वर्षांचा हा माणूस घाबरला. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा बसलेला असे, तो दर वेळी तेच म्हणे, "खाली कोणी भेटलं का?" सारखं तेच, त्याच आवाजात. लिफ्टच्या आरशात आपण दिसतच नव्हतो. पाचव्या मजल्यावर एक नळ वाहत होता, तो बंद केला तरी पाण्याचा आवाज पुढच्या दोन मजल्यांपर्यंत सोबत येत राहिला. दादा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि घरातला नळ आवळून आला. काय डोकं आहे पोराचं, असं त्याच्या मनात आलं. ऊर भरून आला.

मग त्याने कारखान्यातला एक कोरा तक्ता घेतला आणि लिहायला बसला. तिसरा मजला: म्हातारा एकच वाक्य बोलतो. लिफ्ट: आरशात प्रतिबिंब नाही. पाचवा मजला: नळ बंद केल्यावरही आवाज चालू. पायऱ्या एका जिन्याला बारा, दुसऱ्याला तेरा. चौथ्या मजल्याची किल्ली सहाव्यालाही लागते. असे त्रेचाळीस दोष निघाले. घाबरल्याचं त्याने लिहिलं नाही. ती काही खोट नव्हती.

धाकट्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, पालटून मागची कोरी बाजूही बघितली. "एवढंच?"

"एवढंच," दादा अभिमानाने म्हणाला. इस्त्रीच्या नव्या नमुन्यात शंभरावर दोष निघतात. सात मजल्यांत त्रेचाळीस म्हणजे त्याच्या हिशेबी शाबासकी होती. हे तो मनातल्या मनात म्हणाला. मोठ्याने म्हणायला काय जात होतं त्याचं, सांगा.

धाकट्याने पाच महिने घालवून एकेक दोष काढला आणि दादाला बोलावलं. शेजारी खुर्ची ओढून बसला. दादा खेळला. म्हातारा आता सात वाक्यं बोलत होता. आरशात आपला चेहरा स्वच्छ दिसत होता. पायऱ्या सगळीकडे बारा. नळ बंद केला की बंद. सातव्या मजल्यापर्यंत दादा असा चढला जसं कुणाच्या घरी कुरिअर द्यायला चाललाय.

"बोल," धाकटा म्हणाला.

"एकही दोष नाही."

"ते नाही विचारत. भीती वाटली?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि नेमकी तेव्हा हवी होती. "आधी वाटली होती," तो म्हणाला. "त्या नळापाशी. म्हाताऱ्यापाशी. आरशापाशी तर फारच."

धाकट्याला नीट कळायला थोडा वेळ लागला. "अरे, पण त्या माझ्या चुका होत्या. नळाचा आवाज थांबवायचा राहून गेला होता, तू लिहिलंस तेव्हा मला कळलं. मी मुद्दाम नव्हतं केलं."

जुनी प्रत नव्हती. नवं करताना तो जुनं पुसत गेला होता. दादाने लॅपटॉपवर शोधलं, तर तिथली प्रत मुलीने जागा करायला काढून टाकलेली. दोन रविवार दोघं बसले आणि आवाज परत घातला, आरसा परत रिकामा केला. पण आता दोघांनाही पुढे काय येणार ते ठाऊक होतं, आणि धाकट्याला तर ते नाटकी वाटायला लागलं. "मला मुद्दाम जमतच नाही म्हणजे," तो एवढंच म्हणाला. तिसऱ्या रविवारी कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. डब्याचं झाकण उघडलेलं नव्हतं.

दादाचं धाबं दणाणलं. त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: सुट्टी टाकली, पाठकोरे कागद घेतले आणि पहिल्या गेममधलं आठवेल ते सगळं चांगलं लिहून काढलं. चार पानं झाली. घरातला नळ आवळायला उठल्याचंही लिहिलं. खूप खाडाखोड केली, कारण असलं लिहायला शब्दच हाताशी येईनात. बायकोने पानं वाचली आणि डब्यात भाजी भरून दिली.

धाकटा अंथरुणात उठून बसला, चष्मा लावला आणि चारही पानं वाचली. शेवटचं पान दोनदा वाचलं.

"हे तुला तेव्हाच वाटलं होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही लिहिलंस, दादा?"

दादाजवळ उत्तर एकच होतं, आणि ते खरं होतं. "चांगलं होतं म्हणून."

धाकटा रागावला असता, पानं फाडली असती तरी दादाला बरं वाटलं असतं. त्याने पानांची नीट घडी घातली, ती दादाच्या हातात दिली, चष्मा काढून उशाशी ठेवला आणि भिंतीकडे कूस वळवली.