लिमये सरांची चहाची कॅसेट

आमच्या केंद्रातली जुनी माणसं भेटली की किस्से वाढतात. मूळ एक, आवृत्त्या दहा. मी मात्र माझ्यासमोर घडलेलेच सांगतो, कारण त्यातल्या एकात चूक माझी आहे.

नव्वदच्या आसपास ठाकुर्लीच्या एका शाळेत विद्यापीठाच्या बहिःस्थ विद्यार्थ्यांचे वर्ग भरत; तेच आमचं केंद्र. सगळी नोकरदार, संसारी माणसं, रोज येणार कशी? म्हणून अर्थशास्त्राचे लिमये सर घरीच व्याख्यानं कॅसेटवर भरायचे आणि मी प्रती काढून वाटायचो. रविवारी वर्गात आधी कॅसेट, मग सर शंका सोडवायचे.

*

एका रविवारी वीज गेली. टेप बंद. सरांनी तोच धडा तोंडी शिकवला. शेवटी एक पोस्टमन म्हणाला, "सर, कॅसेटमध्ये जास्त नीट कळतं."

"कळणारच. तो माणूस तयारी करून येतो."

*

मागणीच्या नियमावर बोलताना सर एका कॅसेटमध्ये मध्येच बायकोला म्हणतात, "सुमन, चहा टाकतेस का गं?" आणि लगेच, "तर, किंमत वाढली की मागणी घटते." वर्गात हशा! सराव परीक्षेत एकाने न घटणाऱ्या मागणीचं उदाहरण म्हणून सरांचा चहा लिहिला. सरांनी पूर्ण मार्क दिले.

*

खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या आमच्या विद्यार्थिनी हिराबाई मासळी निवडताना कॅसेट ऐकायच्या. परत आलेल्या कॅसेटला सुक्या बोंबलांचा वास. मी नाक मुरडलं. सरांनी हुंगून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही एकच कॅसेट खरी ऐकलेली दिसते."

चहाची कॅसेट मात्र बाईंनी परत केलीच नाही. मी दोन पत्रं टाकली.

*

पुढे केंद्राची तपासणी ठरली आणि मी शहाणपणा केला. सरांच्या मूळ कॅसेटींसकट सगळ्या साफ केल्या. खोकला, कुकरची शिट्टी, चहा, सगळं पुसलं. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "छान. आता मी अगदी एकटा राहतो असं वाटतं."

*

वर्षभरात सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज कायमचा गेला. तरी ते रविवारी यायचे, टेपजवळ बसायचे. कुणी हात वर केला की टेप थांबवून फळ्यावर उत्तर लिहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'शिकवायला तो माणूस आहे. मी नुसता सोबत.' मला वर्गात बसवेना.

*

एकदा सुमनताई केंद्रावर आल्या. "ती चहाची कॅसेट आहे का रे? घरात ह्यांचा आवाज पुष्कळ आहे, पण सगळा अर्थशास्त्राचा."

मी खरं ते सांगितलं. "असू दे," म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

मग एकदम हिराबाई आठवल्या. गेलो. पत्र्याच्या डब्यातून कॅसेट काढत त्या म्हणाल्या, "दोनदा नापास झाले ना. पास होईपर्यंत परत देवाची नाय, ठरवलेलं."

दोघं तसेच डोंबिवलीला सरांकडे गेलो. दार सरांनीच उघडलं. सुमनताई आत भांडी घासत होत्या, आम्ही आल्याचं त्यांना कळलंही नव्हतं. हिराबाईंच्या हातातली कॅसेट पाहून सरांनी पाटीवर लिहिलं, 'कुठली?'

हिराबाईंनी ती टेपमध्ये घातली. चहाची जागा मी हिराबाईंच्या टेपवर आधीच शोधून ठेवली होती.

"सुमन, चहा टाकतेस का गं?"

आतून उत्तर आलं, "टाकते हो. दोन मिनिटं."

मग आतला नळ बंद झाला.